पिझ्झाची तुलना करायची तर आधी तळ बघा

इटलीतल्या नेपल्सचा पिझ्झा भारी की न्यूयॉर्कचा, शिकागोच्या त्या जाडजूड प्रकाराला पिझ्झा म्हणायचं की नाही, यावर लोक तासन् तास भांडतात आणि बहुतेक वेळा भांडण होतं ते टॉपिंगवरून, म्हणजे चीज किती, सॉस गोड का, वर काय काय घातलंय. माझं म्हणणं असं की टॉपिंग सगळ्यात शेवटी बघायचं. दोन गावांच्या पिझ्झात खरा फरक पडतो तो तीन गोष्टींमुळे, ओव्हन किती तापतो, पिझ्झा आत किती वेळ राहतो, आणि तो थेट ओव्हनच्या लादीवर भाजतात की ट्रेमध्ये. बाकी सगळं, म्हणजे पिठात तेल आहे का, चीज ओलं की कोरडं, सॉस खाली की वर, हे त्या तिघांच्या मागून येतं. हे एकदा डोक्यात बसलं की समोर आलेला पिझ्झा कुठल्या घराण्यातला आहे हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं.

मला हे कळलं ते एका बिघडलेल्या पिझ्झामुळे. नेपल्सची पद्धत अगदी जशीच्या तशी पाळायची म्हणून मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच घेतलं, पीठ रात्रभर आंबवलं, लाटणं न लावता हाताने पसरलं आणि घरच्या ओव्हनला २५० डिग्रीवर ठेवलं. बारा मिनिटं झाली तरी काठ पांढराफटक. रंग यावा म्हणून अजून चार मिनिटं ठेवला तर रंग यायच्या आधी तो वाळूनच गेला, कापायला गेले तर काठाचा तुकडा कटकन मोडून ताटाबाहेर. पीठ चुकलं असं समजून पुढचे दोन महिने मी पीठच बदलत बसले, कधी पाणी वाढव कधी यीस्ट कमी कर. पीठ बरोबर होतं हो. ते पीठ नेपल्सच्या ४८५ डिग्रीच्या भट्टीसाठी होतं आणि मी त्याला त्याच्या निम्म्या आचेत भाजत होते. तेल-साखर नसलेल्या साध्या पिठाला लालसर रंग यायला प्रचंड आच लागते, आच कमी असली की वेळ वाढतो, वेळ वाढला की आतलं पाणी उडतं आणि हातात उरतो तो टोस्ट. कमी आचेच्या ओव्हनवाल्यांनी यावर तोडगा काढलाच आहे, पिठात थोडं तेल घाला म्हणजे मऊपणा टिकतो, चिमूटभर साखर घाला म्हणजे रंग लवकर येतो. न्यूयॉर्कचं पीठ बघा, बरोबर हेच केलेलं दिसेल.

तर आता तुलना करायची कशी.

पहिलं म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात साधा पिझ्झा घ्या. नेपल्सचा मार्गेरिटा किंवा मारिनारा, न्यूयॉर्कचा प्लेन चीज स्लाइस, रोमचा नुसत्या तेल-मिठाचा बियांका, डेट्रॉइटचा नुसता चीजवाला. मशरूम, कांदा, मांस असलं काही वर आलं की त्याचं पाणी आणि तेल खाली उतरतं आणि तळ मऊ पडला तो भाजणाऱ्यामुळे की मशरूममुळे हेच कळत नाही. एकाचा साधा आणि दुसऱ्याचा सात टॉपिंगवाला घेऊन केलेली तुलना म्हणजे तुलनाच नाही.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, एक तुकडा उचला आणि खालून बघा. नेपल्सच्या पिझ्झाचा तळ फिकट असतो आणि त्यावर काळे ठिपके विखुरलेले असतात, बिबट्याच्या अंगावर असतात तसे, आणि हात लावला तर मऊ. न्यूयॉर्कचा तळ एकसारखा तपकिरी, वर अगदी पातळ कुरकुरीत थर आणि त्याच्या आत चिवटपणा. अमेरिकेतल्याच न्यू हेवनचा तळ बघून पहिल्यांदा वाटतं करपलाय, कारण काळपट भाग भरपूर असतो, बोटाला काजळी लागते, आणि ते मुद्दाम तसंच असतं. ट्रेमधला पिझ्झा, मग तो डेट्रॉइटचा असो की सिसिलीचा, खालून तळल्यासारखा दिसतो, सगळीकडे सारखा सोनेरी, तेलाची चमक असलेला. आणि तळ जर पांढरा आणि दातांना चिकटणारा निघाला तर तो कुठल्याही गावच्या मापाने कच्चाच, त्याला स्टाइल म्हणून सूट द्यायची नाही.

तिसरं, काठ कापून आतून बघा. मोठी वेडीवाकडी भोकं आणि ओलसर चमकदार आतला भाग असेल तर पीठ भरपूर पाण्याचं आणि सावकाश आंबवलेलं आहे. बारीक एकसारखी जाळी असेल तर पाणी कमी किंवा तेल जास्त. जाळीच नसेल, पापुद्रे सुटत असतील तर लाटलेलं पीठ आहे.

चौथं, तुकडा टोकाच्या उलट्या बाजूने, म्हणजे काठाकडून, आडवा धरा. नेपल्सचा तुकडा टोकाला लोंबतो आणि तो लोंबायलाच हवा. न्यूयॉर्कचा मधोमध लांबट घडी घातली की सरळ उभा राहिला पाहिजे, नाही राहिला तर तो न्यूयॉर्कचा म्हणून नापास. रोमचा गोल पिझ्झा घडी न घालताही सरळ राहतो.

आणि पाचवं घड्याळ, त्याच्याबद्दल पुढे वेगळं सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त अन्याय होतो.

आता एकेक गाव.

नेपल्सपासून सुरुवात करू, कारण नियम लेखी आहेत ते त्यांचेच. १९८४ साली तिथे असोसिएशन निघाली, खऱ्या नेपल्स पिझ्झाचं जतन करायला, २०१० मध्ये युरोपियन युनियनने त्याला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला आपल्या वारसा यादीत घेतलं. नियम वाचले तर फार स्पष्ट आहेत, लाकडाची भट्टी, साधारण ४८५ डिग्री, ६० ते ९० सेकंद, व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत, काठ १ ते २ सेंटिमीटर फुगलेला, मध्यभाग जेमतेम ०.४ सेंटिमीटर जाड, आणि पिझ्झा मऊ, लवचिक, चौपदरी घडी घालता येईल असा हवा. शेवटचं वाक्य परत वाचा. कुरकुरीत हा शब्दच त्यात नाही. त्यामुळे नेपल्सचा पिझ्झा खाऊन कुणी म्हणालं की खाली मऊ आहे, मधे ओला आहे, तर त्याने वर्णन बरोबर केलंय, पण ते दोष म्हणून सांगितलंय. त्या ओल्या मध्यभागात टोमॅटोचा रस, ऑलिव्ह तेल आणि मोझरेलाचं दुधाळ पाणी एकत्र झालेलं असतं आणि ते काठाच्या तुकड्याने पुसून खाणं यातच त्या पिझ्झाची मजा आहे. सॉस शिजवलेला नसतो, डब्यातले टोमॅटो नुसते कुस्करून मीठ घातलेलं, जे काही शिजायचं ते त्या दीड मिनिटात. म्हणून चव ताज्या टोमॅटोची लागते. ओलं मोझरेला इथेच चालतं कारण वेळच एवढा कमी आहे, हेच चीज दहा मिनिटं ओव्हनमध्ये राहिलं की पाणी सोडून रबरासारखं होतं.

रोममध्ये दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि नुसतं रोमन पिझ्झा म्हटलं तर गोंधळ होणारच. एक गोल, पातळ, लाटण्याने लाटलेला, पिठात थोडं तेल, काठ जवळजवळ नाहीच, नेपल्सपेक्षा कमी आचेवर जास्त वेळ भाजलेला, त्याला तिथे लाडाने स्क्रोक्यारेल्ला म्हणतात, म्हणजे चावताना आवाज करणारा. दुसरा आयताकृती ट्रेमधला, ताल्यो, म्हणजे कापून विकायचा, तुम्ही बोटाने दाखवायचं एवढा द्या, तो कात्रीने कापतात आणि वजनावर विकतात. या दुसऱ्याचं पीठ फार ओलं असतं, १०० ग्रॅम मैद्याला ७५-८० ग्रॅम पाणी, कधी त्याहून जास्त, हातात धरलं तर ओघळतं. भाजल्यावर खाली खरपूस, आत पोकळ्या, आणि उचललं तर दिसायला जाड पण वजनाला हलकं. गाब्रिएले बोंची यांनी २००३ मध्ये रोमला पिझ्झारियम नावाचं दुकान सुरू केल्यावर या प्रकाराचं नाव जगभर झालं. मला विचाराल तर नुसत्या पिठाची परीक्षा करायला रोमच्या बियांकासारखं दुसरं काही नाही, वर फक्त तेल आणि मीठ, लपायला जागाच नाही.

सिसिलीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, अमेरिकेत सिसिलियन स्लाइस म्हणून जो जाड चौकोनी मोझरेलावाला तुकडा मिळतो तो आणि सिसिलीतल्या पालेर्मो शहराचा स्फिंचोने हे एकमेकांचे लांबचे नातेवाईक. स्फिंचोने म्हणजे स्पंजासारखं जाड पीठ, त्यावर टोमॅटोत बराच वेळ शिजवलेला कांदा, अँचोव्ही म्हणजे खारवलेले छोटे मासे, काचोकवाल्लो चीज, ओरेगानो आणि सगळ्यात वर ब्रेडचा चुरा. तो चुरा फार हुशारीचा आहे, कांद्याचा रस आणि तेल शोषतो आणि वर कुरकुरीतपणा देतो, म्हणजे जो कुरकुरीतपणा इतर ठिकाणी तळाला असतो तो इथे डोक्यावर आहे.

आता अटलांटिक ओलांडू. इटालियन माणसं अमेरिकेत गेली तेव्हा सोबत पद्धत गेली पण लाकडाची भट्टी गेली नाही, तिथे बेकऱ्यांमध्ये कोळशाच्या भट्ट्या होत्या. न्यूयॉर्कचं लोंबार्डीज नावाचं दुकान, ज्याचं साल १९०५ सांगतात, ते कोळशावरचं. पुढे गॅसचे डेक ओव्हन, म्हणजे सपाट लादीचे, आले, आच अजून खाली, पिझ्झाचा आकार मोठा म्हणजे १८ इंचापर्यंत, आणि सगळंच बदललं. जास्त ग्लूटेनचा मैदा, कारण एवढा मोठा आणि पातळ पसरवताना फाटायला नको आणि चिवटपणा हवा. पिठात तेल, बऱ्याचदा साखर. चीज कमी पाण्याचं मोझरेला, किसलेलं, कारण ते जास्त वेळ ओव्हनमध्ये टिकतं आणि नारिंगी तेलाचे डाग सोडत छान वितळतं. चालता चालता खायचा म्हणून घडी. आणि हा पिझ्झा दोनदा भाजला जातो, काउंटरवर ठेवलेला तुकडा मागितला की परत ओव्हनमध्ये जातो, तळ आणखी कडक होतो. काही लोक म्हणतात गरम केलेला म्हणजे शिळा, तसं नाहीये, स्लाइसचा जन्मच त्या दुसऱ्या भाजण्यात आहे.

न्यू हेवनवर मी थोडी जास्त थांबणार आहे कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. कनेटिकट राज्यातलं गाव, न्यूयॉर्कपासून फार लांब नाही, तिथे पिझ्झाला अपिझ्झा लिहितात आणि आबीत्स असं काहीसं म्हणतात, नेपल्सकडच्या बोलीचा तो उच्चार तसाच टिकलाय. फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये वूस्टर स्ट्रीटवर आपलं दुकान सुरू केलं, त्यांच्या भाच्याने १९३८ मध्ये त्याच रस्त्यावर सॅलीज काढलं. कोळशाची भट्टी, आच कोरडी, नेपल्सपेक्षा वेळ जास्त, पिझ्झा वेडावाकडा लांबट गोल, ट्रेमध्ये कागद घालून त्यावर तसाच समोर येतो. आणि तिथे प्लेन पिझ्झा मागितला तर त्यावर मोझरेला नसतं, टोमॅटो, ओरेगानो, वर थोडं किसलेलं कडक पेकोरिनो चीज एवढंच, मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं. तिथला शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा जास्त प्रसिद्ध आहे, तो खाच, पण तुलनेसाठी तो नको.

कारण आता बघा, नेपल्सचा मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाही. न्यू हेवनचा प्लेन म्हणजे जवळजवळ तेच, फक्त चिमूटभर चीज. दोघांच्या वरचं सामान सारखं असताना चवीत जमीनअस्मानाचा फरक. मारिनाराचा टोमॅटो पातळ, रसाळ, आंबटगोड, लसणाचा वास ताजा, आणि पीठ इतकं मऊ की दातांना काही करावंच लागत नाही. न्यू हेवनचा टोमॅटो जास्त वेळ आचेत राहिल्याने आटलेला, गोडसर, कडेला थोडा चिकट झालेला, आणि काळ्या पडलेल्या काठाचा कडवटपणा त्या गोडाला येऊन भिडतो, पीठ चिवट, चावावं लागतं, जबडा कामाला लागतो. सामान तेच, फक्त लाकूड आणि कोळसा, दीड मिनिट आणि त्याच्या कितीतरी पट वेळ. कुणाला पिझ्झाच्या स्टाइल म्हणजे काय हे समजावून सांगायचं असेल तर मी हे दोनच शेजारी ठेवीन, तिसरा लागणारच नाही.

शिकागोला डीप डिश, म्हणजे तो जाडजूड प्रकार, १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनोत सुरू झाला असं सांगतात, आइक सूएल आणि रिक रिकार्डो यांचं ते दुकान. इथे नियम अगदी उलटे, खोल गोल भांडं, पीठ तेल-लोणी घालून खुसखुशीत केलेलं आणि भांड्याच्या कडेवर चढवलेलं, त्यावर आधी चीज, मग मांस किंवा भाज्या, आणि सॉस सगळ्यात वर. असं का, तर अर्धा-पाऊण तास ओव्हनमध्ये राहायचंय, चीज वर असतं तर करपून गेलं असतं, म्हणून टोमॅटोने त्याला झाकलंय. याचा तळ बघताना चिवटपणा शोधू नका, तो नसतोच, कापल्यावर भुगा पडला पाहिजे, अ‍ॅपल पायच्या आवरणाचा पडतो तसा. आणि एक, शिकागोचा म्हणजे डीप डिशच असं बाहेरचे समजतात पण तिथे टॅव्हर्न स्टाइल नावाचा पातळ कडक पिझ्झाही तितकाच जुना आणि घरोघरचा, गोल असून चौकोनी तुकड्यांत कापलेला, मधले तुकडे मऊ आणि कडेचे टणक. शिकागोची बाजू ऐकायची तर दोन्ही खाऊन ऐका.

सेंट लुइसचा पिझ्झा त्याच्याही पुढे पातळ, यीस्टच नाही, बिस्किटासारखा, आणि वर प्रोव्हेल नावाचं चीज जे वितळलं की तार धरत नाही, दाट सॉससारखं पसरतं. सगळ्यांना आवडत नाही, मला दोन चौकोन पुरतात.

डेट्रॉइट मात्र मनापासून आवडतो. १९४६, बडीज नावाची जागा, गस ग्वेरा यांनी ज्या ट्रेमध्ये पिझ्झा भाजला ते ट्रे मुळात मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायचे, निळसर पोलादाचे, जाड, उंच कडांचे. पोलाद जाड असल्याने उष्णता धरून ठेवतं, तळ तळल्यासारखा होतो. आणि चीज, विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज, थेट ट्रेच्या कडेपर्यंत टाकतात, ते कडेवरून खाली वितळतं आणि धातूला चिकटून कडक काळपट तपकिरी जाळी बनतं. त्या कडेसाठी लोक कोपऱ्याचा तुकडा कुणाला घेऊ देत नाहीत. सॉस वर, पट्ट्यांमध्ये.

अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला इटलीतल्या जेनोवाची माणसं गेली होती, त्यामुळे तिथला फुगाझ्झा हा फोकाचा नावाच्या जाड इटालियन ब्रेडच्या घरातला, जाड पीठ, वर कांद्याचा ढीग, टोमॅटो नाही, आणि आत चीज भरलं की फुगाझ्झेता. चण्याच्या पिठाचा फायना नावाचा चपटा तुकडा स्लाइसवर ठेवून दोन्ही एकत्र खातात. याला नेपल्सच्या मापाने मोजलं तर सगळंच चूक दिसेल, जेनोवाच्या मापाने मोजलं तर एकदम सरळ हिशोब लागतो.

घरी तुलना करायची असेल तर

प्रत्येक गावाचं वेगळं पीठ करत बसू नका, पहिल्यांदा तरी नको. एकच पीठ, एकच सॉस, एकच चीज, आणि तीन पद्धतींनी भाजा. त्यात फरक जो दिसेल तो फक्त हाताचा आणि भांड्याचा, आणि तोच बघायचाय.

६०० ग्रॅम मैदा, शक्यतो ब्रेडचा जास्त प्रोटीनवाला, ३९० ग्रॅम पाणी, १२ ग्रॅम मीठ, १२ ग्रॅम ऑलिव्ह तेल, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. सगळं वजनावर घ्या, कपाने मोजू नका, कपात मैदा दाबून भरला की सैल भरला यावरच २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. मळा, तासभर बाहेर ठेवा, मग झाकून फ्रिजमध्ये २४ तास. दुसऱ्या दिवशी तीन भाग करा, एक २५० ग्रॅमचा, एक १८० ग्रॅमचा, उरलेला साधारण ५८० ग्रॅमचा. छोटे दोन गोळे झाकून दोनेक तास बाहेर ठेवा. मोठा भाग २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या गडद रंगाच्या धातूच्या ट्रेमध्ये भरपूर तेल लावून टाका आणि बोटांनी पसरवा. तो मागे येईल, ओढू नका, वीस मिनिटं सोडा आणि परत पसरवा, दोन-तीनदा असं केलं की कोपऱ्यात जाऊन बसतो. मग दोन-तीन तास फुगू द्या. काचेचा ट्रे नको, काच उष्णता सावकाश देते आणि तळ पांढरा राहतो.

सॉस म्हणजे ४०० ग्रॅमचा एक डबा टोमॅटो हाताने कुस्करून ४ ग्रॅम मीठ, शिजवायचा नाही. चीज कमी पाण्याचं मोझरेला, सगळ्या मिळून साडेचारशे ग्रॅम, आणि ते अख्खं आणून स्वतः किसा, तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही.

ओव्हनमध्ये पिझ्झा स्टील (जाड पोलादी पत्रा) किंवा स्टोन (दगडी लादी) ठेवून ओव्हन जितका तापेल तितका तापवा, आणि ओव्हनचा दिवा बंद झाला म्हणून घाई करू नका, हवा तापलेली असते पण स्टील तापलेलं नसतं, त्याला पाऊण तास ते तास द्याच. स्टील स्टोनपेक्षा उष्णता भराभर पिठात सोडतं त्यामुळे २५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये तळाला रंग आणायला तेच जास्त कामाचं.

१८० ग्रॅमचा गोळा लाटण्याने ३० सेंटिमीटरचा लाटा, काठापर्यंत, हवा सगळी निघू दे, सॉस ७० ग्रॅम, चीज ८०, हा रोमचा. २५० ग्रॅमचा गोळा हाताने तेवढाच पसरवा, मधून बाहेर दाबत, काठाला हात न लावता, सॉस ९०, चीज १२०, हा न्यूयॉर्ककडचा. दोन्ही स्टीलवर, ६ ते ८ मिनिटं, पण मिनिटांवर जाऊ नका, उलथन्याने उचलून तळ बघा. दोघांच्या मधे दहा मिनिटं थांबा म्हणजे स्टील परत तापतं, नाहीतर दुसऱ्याचा तळ फिका येतो आणि मग लोकांना वाटतं हीच त्याची स्टाइल. ट्रेवाला शेवटी, चीज २५० ग्रॅम कडेला टेकवून, उरलेला सॉस वर पट्ट्यांत, खालच्या रॅकवर १४ ते १८ मिनिटं, कडेचं चीज गडद तपकिरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर लगेच सुरी कडेने फिरवा, गार झालं की ती जाळी ट्रेला पक्की चिकटते.

नेपल्सचा मी या यादीत घेतला नाही कारण २५० डिग्रीत तो होत नाही. वरच्या बाजूचा ग्रिल फुल्ल करून, स्टील अगदी वरच्या रॅकवर ठेवून थोडं जवळ जाता येतं, तीन-चार मिनिटांत काठाला काळे ठिपके येतात, पण ४८५ पर्यंत जाणारा छोटा पिझ्झा ओव्हन नसेल तर घरच्या पिझ्झाला नेपल्सचा म्हणून मार्क देऊ नका.

घड्याळ

आता तो अन्यायाचा मुद्दा. बरेच दिवस मी नेपल्सच्या पिझ्झाला नावं ठेवायचे, लिबलिबीत म्हणून. मग लक्षात आलं की मी तो नेहमी डब्यात घालून अर्ध्या तासाने खात होते. बंद डब्यात वाफ कोंडते, मऊ पीठ ती पिऊन घेतं, ओल्या चीजचं पाणी खाली उतरतं. एकदा भट्टीसमोर बसून, बाहेर आल्या आल्या खाल्ला आणि काठ हातात धरल्यावर पातळ कवच चुरचुरलं आणि आतून वाफ आली, तेव्हा कळलं की मी आजवर नेपल्सचा खाल्लाच नव्हता.

प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. नेपल्सचा पहिल्या पाच मिनिटांत. रोमचा गोल पिझ्झा दहा मिनिटं टिकतो, मग सॉस खाली मुरतो. न्यूयॉर्कचा एक-दोन मिनिटं थांबून, नाहीतर चीज घसरून हातात येतं. डेट्रॉइटला पाच मिनिटं जाळीवर ठेवा म्हणजे तळाची वाफ निघून जाईल. डीप डिशला दहा मिनिटं थांबणं भागच आहे, आधी कापलात तर चीज आणि रस ताटभर वाहतो. त्यामुळे सगळे एकाच वेळी टेबलावर मांडून तुलना करणं हे दिसायला छान पण त्यात दोघांना तरी अन्याय होणारच, एकेक आणा, खा, लिहून ठेवा, मग पुढचा. पातळापासून सुरुवात, जाड शेवटी, आणि मधे साधं पाणी. एका बैठकीत चारच्या वर नको, पाचव्याला जीभच दमते, चीजच्या मिठाने सगळं सारखंच लागायला लागतं.

लिहिताना एकच गोष्ट करा, आवडला-नाही आवडला हा रकाना वेगळा ठेवा आणि जमला-नाही जमला हा वेगळा. मला सेंट लुइसचा आवडत नाही पण कडक, चौकोनी, दोन बोटांत न वाकणारा तुकडा आला तर तो जमलेला आहे आणि तसंच लिहिते. उलट डीप डिश मला आवडतो पण तळ ओला असेल तर तो फसलाय, माझ्या आवडीने काही तो भाजला जात नाही.

उरलेले तुकडे टाकू नका, एक शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. जाड तव्यावर तेल न घालता मंद आचेवर तुकडा ठेवा, तीन मिनिटांनी कडेला अर्धा चमचा पाणी टाकून झाकण ठेवा, मिनिटभरात चीज वितळतं आणि तळ कडक होतो. न्यूयॉर्कचा आणि ट्रेवाला यात आदल्या दिवशीइतकेच चांगले लागतात, ट्रेवाल्याची कडा तर मला दुसऱ्या दिवशीच जास्त आवडते, लाटलेला पातळवाला मात्र एवढ्या वेळात पार कडक होतो, त्याला झाकण न ठेवता जेमतेम दोन मिनिटं द्या.